तास रिकामा का राहतो?

शिरपूर जैन म्हटलं की बाहेरच्या माणसाला अंतरिक्ष पार्श्वनाथांचं मंदिर आठवतं. पण जूनच्या तिसऱ्या आठवड्यात या गावात कुणाशीही बोला, विषय एकच असतो. वापसा आला का, ट्रॅक्टर कधी मिळतो आणि बियाणं आलं का. मालेगाव तालुका (नाशिकवाला नाही, आपला वाशिमचा) सोयाबीनवर चालतो. घरातल्या फीपासून बहिणीच्या लग्नापर्यंतचा हिशोब त्या पिवळ्या दाण्यावर असतो. परीक्षा आटोपून तुम्ही होस्टेलवरून घरी येता, आणि पेरणीच्या दिवशी बाबा तुम्हाला एक काम देतात. "मशीनच्या मागं चाल अन् बी पडून रायलं का ते पाय."

हे काम बिनकामाच्या माणसाला दिलेलं काम वाटतं ना? कानात इअरफोन टाकून ते करणारे भरपूर जण आहेत. पण पेरणीतलं सगळ्यात महाग काम तेच आहे. आठ दिवसांनी शेतात दहा-दहा फूट तास रिकामे दिसतात, तेव्हा पहिला राग बियाण्याच्या कंपनीवर निघतो, दुसरा पावसावर. मशीनचं नाव कुणी घेत नाही. आणि बऱ्याचदा बी जमिनीत पडलेलंच नसतं.

म्हणून यंदा मागं चालायच्या आधी हे वाचा.

आधी हिशोब, मग मशीन

सोयाबीनची नेहमीची शिफारस हेक्टरी ७५ किलो, म्हणजे एकरी ३० किलो बियाणं. दोन तासांत ४५ सेंटिमीटर आणि दोन झाडांत ५ सेंटिमीटर अंतर. आता जरा बारावीचं गणित आठवा. १०० दाण्यांचं वजन साधारण १२ ग्रॅम धरलं, तर एकरी ३० किलो म्हणजे अडीच लाख दाणे. उगवण ७० टक्के धरली तर पावणेदोन लाख झाडं. ४५ बाय ५ च्या अंतरानं एका एकरात साधारण तेवढीच झाडं बसतात. म्हणजे शिफारशीत तीस टक्के नुकसान आधीच धरलेलं आहे. पण ते न उगवणाऱ्या दाण्यांचं. मशीननं न टाकलेल्या दाण्यांसाठी त्यात जागा नाही.

हेच तासात मोजलं तर एका मीटरमध्ये साधारण २८ दाणे पडायला हवेत. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

आपल्या भागात ट्रॅक्टरवर चालणारी पेरणी यंत्रं मुख्यतः दोन प्रकारची. जुन्या, साध्या यंत्रात डब्याखाली खाचांचे रोलर असतात. रोलर फिरतो, खाचेत बी भरतं आणि नळीत सांडतं. रोलरचा किती भाग बियाण्यात उघडा ठेवायचा, हे एका दांडीनं ठरतं. बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा सरी यंत्रात बहुधा तिरकी तबकडी असते. तबकडीच्या कडेला खाचा असतात. त्या खालच्या बियाण्यातून दाणा उचलतात, तबकडी वर जाताना जास्तीचे दाणे खाली घसरतात आणि वरच्या टोकाला उरलेला दाणा नळीत पडतो. पोकरा प्रकल्पात वाशिम जिल्हा होता, त्यामुळं बीबीएफ हे नाव आता गावागावात माहीत आहे.

दोन्हींची ताकद येते जमिनीवर फिरणाऱ्या चाकातून. चाक फिरलं की साखळी फिरते, साखळीनं तबकडी फिरते. ट्रॅक्टरचं इंजिन कितीही ओरडलं तरी ते छोटं चाक फिरलं नाही, तर एकही दाणा पडत नाही.

यंत्राच्या आधी तिफन होती, अजूनही काही ठिकाणी आहे. चाड्यावर मूठ धरून बी सोडणारी बाई म्हणजेच त्या काळची तबकडी. इंग्लंडच्या जेथ्रो टलनं १७०१ मध्ये पेरणी यंत्र बनवलं असं पाठ्यपुस्तकात असतं. पण चाड्यावरच्या बाईच्या मुठीला जे कळायचं ते कुठल्याच यंत्राला अजून कळत नाही. नळी तुंबली की तिला पाच पावलांत समजायचं. यंत्राला समजत नाही, म्हणून तुम्हाला मागं चालायला लावतात.

गोळ्यांचं मशीन आणि आपलं मशीन

हीच कटकट जगात कुठं कुठं आहे, हे बघताना एक भलतंच उदाहरण सापडतं. अमेरिकेत नेमबाजीचा छंद असलेले लोक वापरलेल्या काडतुसांची रिकामी पितळी टोपणं पुन्हा भरतात. त्यासाठी टेबलावर बसवायचा एक दाब असतो, त्याला 'प्रोग्रेसिव्ह प्रेस' म्हणतात. ॲरिझोनातली डिलन प्रिसिजन ही त्यातली नावाजलेली कंपनी. गोल तबकडीवर टोपणं बसतात. एकदा हँडल ओढलं की तबकडी एक घर पुढं सरकते आणि प्रत्येक घरात एकेक काम होतं. एका घरात टोपणाचा आकार नीट होतो, पुढं ठिणगी देणारी छोटी टोपी बसते, मग दारू पडते, मग गोळी. तबकडी भरली की दर हँडलला एक तयार काडतूस. ऐकायला भारी. पण त्या छंदातल्या लोकांची कायमची तक्रार कशाची? टोपण नळीत उलटं आलं, आडवं अडकलं, टोपी खालीच आली नाही. म्हणजे खाचेत एक वस्तू घ्यायची आणि नळीतून बरोबर वेळी खाली टाकायची, एवढंच काम, आणि तेच अडतं. आपल्या तबकडीचं दुखणं वेगळं नाही.

त्या लोकांचा एक नियम उचलण्यासारखा आहे. हाताला नेहमीपेक्षा वेगळं लागलं की हँडल दामटायचं नाही. थांबायचं, तबकडीवरचं प्रत्येक घर तपासायचं, आणि दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कारण सरळ आहे. टोपणात दारू पडलीच नाही तर गोळी नळीत अडकू शकते आणि पुढचा बार बंदुकीत फुटतो. दोनदा पडली तरी तेच. आपल्याकडं मात्र हे घरी करून बघण्याचा विचारही नको. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. महाराष्ट्रात हे काम खडकीच्या १८६९ पासूनच्या दारूगोळा कारखान्यात आणि जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या आयुध निर्माणीत होतं. दोन्ही कारखाने २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहेत.

आपल्या शेतात चूक झाली तर स्फोट होत नाही. काहीच होत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. चूक आठ दिवस मातीखाली गप्प बसून राहते.

शेडमध्ये करायची कामं

मशीन अकरा महिने शेडमध्ये उभं असतं. पहिलं काम म्हणजे नळ्या काढून उजेडाकडं धरून बघा. कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते, कोळी जाळं करतो. नळी प्लास्टिकची असेल तर उन्हानं कडक होऊन वाकलेली असते. जिथं नळीला झोळ पडतो तिथं बी साठतं. नळी डब्यापासून दात्यापर्यंत सरळ उतरली पाहिजे. लांब झाली असेल तर कापून टाका, गुंडाळी करून बांधू नका.

मग तबकडी. तबकडीच्या खाचांमध्ये गेल्या वर्षीचे फुटके दाणे आणि औषधाचा थर घट्ट बसलेला असतो. काडीनं किंवा जुन्या टूथब्रशनं साफ करा. जास्तीचा दाणा पाडणारा ब्रश असेल तर त्याचे केस झिजलेत का बघा. आणि तबकडी सोयाबीनचीच आहे ना? हे विचारायला बावळट वाटतं, पण हरभऱ्याला लावलेली तबकडी तशीच राहिली, असं होऊ शकतं. खाच मोठी असेल तर दोन-दोन दाणे पडतात, लहान असेल तर दाणा बसतच नाही किंवा फुटतो.

आता ते मोजमाप, ज्याला कुणाकडंच वेळ नसतो. मशीन उचलून चाक मोकळं करा. चाकाचा घेर टेपनं मोजा. समजा तो सव्वा मीटर आहे. प्रत्येक नळीखाली एकेक पिशवी बांधा, डब्यात बी टाका आणि चाक हातानं २० वेळा फिरवा. याचा अर्थ मशीन २५ मीटर चाललं. चार तास, ४५ सेंटिमीटर अंतर, म्हणजे रुंदी १.८ मीटर आणि क्षेत्र ४५ चौरस मीटर. एकरी ३० किलो म्हणजे चौरस मीटरला साधारण साडेसात ग्रॅम. तर चारही पिशव्या मिळून ३३५ ग्रॅमच्या आसपास, एका पिशवीत सुमारे ८४ ग्रॅम. वजनकाटा किराणा दुकानात आहेच. चारही पिशव्या जवळपास सारख्या भरल्या तर छान. एक पिशवी ५० ग्रॅमची निघाली तर तुम्हाला पेरणीच्या आठ दिवस आधीच कळलं की कुठला तास विरळ उगवणार आहे. तुमच्या चाकाचा घेर आणि तासांची संख्या वेगळी असेल तर तेवढे आकडे बदलून घ्या.

पिशवीतलं बी नुसतं तोलू नका, ओंजळीत घेऊन बघा. सोयाबीनचं टरफल अगदी पातळ असतं. दाण्याची डाळ झालेली दिसली, टरफल निघालेलं दिसलं, तर मशीन बी टाकतंय पण मारून टाकतंय. असं बी वजनात पुरेपूर भरतं, उगवत मात्र नाही.

तबकडीवाल्या मशीनसाठी एक युक्ती तुमच्या खिशात आहे. कुणाला तरी चाक सावकाश फिरवायला सांगा आणि फोनवर तबकडीचा स्लो-मोशन व्हिडिओ घ्या. शंभर खाचा मोजा, रिकाम्या किती गेल्या ते लिहा. मग वेग वाढवून पुन्हा मोजा. वेग वाढला की रिकाम्या खाचा वाढतात, हे ट्रॅक्टरवाल्या भाऊंना शब्दांत सांगून पटत नाही. व्हिडिओ दाखवा.

शेतात गेल्यावर

बीजप्रक्रिया केलेलं बी सावलीत पूर्ण सुकलेलं हवं. आधी बुरशीनाशक, शेवटी जिवाणू खत, हा क्रम तुम्हाला माहीत असेलच. पण पाऊस येईल या धाकानं बऱ्याचदा ओलसर बीच डब्यात ओतलं जातं. ओले दाणे एकमेकांना चिकटतात आणि डब्याच्या तोंडावर कमान करून बसतात. वरून डबा भरलेला दिसतो, खाली पोकळी. दगडी कमान जशी स्वतःच्या वजनानंच उभी राहते, तसंच. डबा हलवला की ढासळते आणि थोड्या वेळानं पुन्हा तयार होते. परदेशातल्या मोठ्या पेरणी यंत्रांत बी सुटं राहावं म्हणून टाल्क किंवा ग्राफाइटची पूड टाकतात. आपल्याला सावली आणि दोन तासांचा धीर पुरतो. या बियाण्याला हात लावताना हातमोजे घाला, आणि त्याच हातानं फुटाणे खाऊ नका. खरंच सांगतेय.

खताचा डबा वेगळा असला तरी त्याच्याकडंही बघायचं. पोतं रात्रभर उघडं राहिलं तर खत ओल धरतं, गाठी होतात आणि नळी तुंबते. गाठी फोडून, चाळूनच टाका.

सगळ्यात जास्त नळ्या तुंबतात त्या दात्याच्या टोकाशी, म्हणजे मातीत. धुऱ्यावर वळून आल्यावर ट्रॅक्टर उभा असतानाच मशीन खाली सोडलं की दात्याचं तोंड ओल्या मातीत रुततं. मशीन टेकलेलं असताना ट्रॅक्टर इंचभर जरी मागं घेतला तरी तेच. मातीचं बूच बसतं आणि नळी खालून वर भरत जाते. पारदर्शक नळी असेल तर हे डोळ्यांना दिसतं. दाणे पडताना दिसायच्या ऐवजी उभा खांब दिसतो. मशीन नेहमी ट्रॅक्टर पुढं सरकत असताना सोडायचं आणि वळायच्या आधी उचलायचं. तुराट्या, धसकटं, कुटार दात्यात अडकतं तेव्हाही बूच बसतं. ते काढायला ट्रॅक्टर थांबवायचा, बंद करायचा, मग हात घालायचा. चालत्या साखळीजवळ हात नेऊ नका आणि मशीनच्या फळीवर उभं राहून बी बघू नका. चालूनच बघा.

मग ते छोटं चाक. ओली काळी माती त्याला चिकटते, काटे बुजतात आणि चाक फिरायच्या ऐवजी घसरतं. चाक घसरलं की चारही नळ्या एकदम बंद. साखळी ढिली असेल तर दात्यावरून उडी मारते, तेव्हा कट्कन आवाज येतो आणि तेवढ्यापुरती चारही तासांत खोट पडते. म्हणून इअरफोन काढा. मशीनचा एक ठरलेला ताल असतो. तो ताल तुटला की हात वर करा, मग भाऊ कितीही वैतागोत.

भाऊ वैतागतातच. पेरणीचा भाव एकरी ठरतो आणि पुढच्या शेतवाल्याचे तीन फोन येऊन गेलेले असतात. ताशी चार-पाच किलोमीटर म्हणजे माणसाच्या झपाझप चालीचा वेग. तुम्हाला मशीनमागं पळावं लागत असेल तर ट्रॅक्टर जोरात चाललाय, इतकं सोपं आहे. "काका, जरा हळू घ्या ना," हे नम्रपणे, पण पहिल्या फेरीतच म्हणा. दहाव्या फेरीत म्हणून उपयोग नाही.

पहिल्या फेरीनंतर थांबवाच. एक मीटर तास बोटांनी हळूच उकरा, दाणे मोजा. २८ च्या आसपास आहेत का? तीन ते पाच सेंटिमीटर खोल आहेत का? चारही तासांत असं करायला दहा मिनिटं लागतात. कमी निघाले तर त्या काडतूसवाल्यांचा नियम: एका वेळी एकच गोष्ट बदला. वेगही कमी केला, दांडीही सरकवली, नळीही हलवली, तर नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळणार नाही, आणि उद्या दुसऱ्या शेतात पुन्हा पहिल्यापासून.

खोट वाचायची कशी

आणि तरीही खोट पडली तर? पाच-सात दिवसांत सोयाबीन वर येतं. आठव्या-दहाव्या दिवशी शेतात जा आणि शिव्या द्यायच्या आधी खोटीचा आकार बघा. एकच तास या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत विरळ असेल तर ती त्या तासाची नळी किंवा तबकडी. सगळ्या तासांना एकाच जागी आडवी पट्टी रिकामी असेल तर चाक घसरलं किंवा साखळीनं उडी मारली. फक्त धुऱ्यालगत रिकामं असेल तर मशीन उशिरा सोडलं किंवा तिथंच बूच बसलं. ट्रॅक्टरच्या चाकाच्या मागंच विरळ असेल तर माती दबली आहे. आणि कुठलाच आकार नाही, सगळीकडं विखुरलेलं, कुठं आहे कुठं नाही? मग बियाण्यावर, खोलीवर किंवा पावसाच्या खंडावर शंका घ्या.

रिकाम्या जागी तास उकरून बघायलाच हवा. कुजलेला, बुरशी आलेला किंवा अर्धवट फुगलेला दाणा सापडला तर बी पडलं होतं, उगवलं नाही. काहीच सापडलं नाही तर बहुतेक ते पडलंच नव्हतं.

हा फरक पैशांचा आहे. २०२० च्या खरिपात महाराष्ट्रात सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींचा पाऊस पडला होता. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून त्याची दखल घेतली. अशी तक्रार तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडं करता येते. समिती शेतात येऊन पाहणी करते, पंचनामा होतो. तिथं तुमच्या हातात काय आहे यावर बरंच ठरतं. बियाण्याचं बिल, पिशवी, तिच्यावरचा टॅग आणि पिशवीतलं मूठभर बी जपून ठेवा. त्यात पेरणीच्या दिवशीचे तुमचे फोटो जोडा, तारखेसकट. पिशव्यांचं वजन, उकरलेला तास, बोटाशेजारी दिसणारी खोली. तुमच्याच मशीनमध्ये दोष नव्हता हे दाखवता आलं, तर बियाण्याबद्दलची तक्रार कितीतरी मजबूत होते. आणि दोष मशीनचाच निघाला, तर दुकानदाराशी भांडण्यात गेलेले ते आठ दिवस वाचतात. जूनच्या शेवटी आठ दिवस फार मोठे असतात.

बियाण्याची बाजू पेरणीआधीच तपासता येते, तीही फुकट. शंभर दाणे मोजा, ओल्या गोणपाटात रांगेनं ठेवा, गुंडाळी करा, ओल टिकवा. आठवड्यानं कोंब मोजा. सत्तर किंवा त्याहून जास्त आले तर नेहमीचं प्रमाण. कमी आले तर बी वाढवा किंवा बदला. हे मे महिन्यात केलेलं असेल तर जूनमधला अर्धा वाद होतच नाही. अडलं तर रिसोड तालुक्यात करड्याचं कृषी विज्ञान केंद्र आहे, अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. तिथं मशीनचा प्रश्न घेऊन जाणारे कमी, बियाण्याचा घेऊन जाणारे जास्त.

दोन-चार एकरांत हातानं टोकण यंत्र चालवणाऱ्यांसाठी वेगळं काही नाही. तुमची चोच ओल्या मातीनं भरते, एवढंच. दर वीस-पंचवीस पावलांनी उलटं करून बघा.

पेरणी संपली की मशीन तसंच शेडमध्ये ढकलू नका. खताचा डबा त्याच दिवशी रिकामा करून धुवा, नाहीतर दिवाळीपर्यंत गंज पत्रा खातो. उरलेलं बी काढा, साखळीला तेल द्या. तबकड्या पिशवीत घाला आणि मार्करनं प्रत्येकीवर पिकाचं नाव लिहा. ऑक्टोबरमध्ये हरभरा पेरायला हेच मशीन बाहेर निघेल, तेव्हा तुम्ही कॉलेजात असाल आणि बाबा एकटे असतील.